सातवा धडा

बिंबवणी केंद्राच्या प्रयोगशाळेत खरमाळेबाई पेन धरून बसल्या होत्या. सही काही होत नव्हती.

"हे पुस्तकाचं पान फाडण्यासारखं नाही, बाई," अभ्यासक्रम समितीचे डॉ. पाटसकर म्हणाले. "धडे आपण थेट मेंदूत बिंबवतो. सातवा धडा मागे घेतला, की तो घेतलेल्या प्रत्येकाच्या मेंदूतून पुसला जाईल. म्हणून शिक्षकांची संमती हवी."

सातवा धडा कारवंड्याचा बांध फुटल्याचा. भेगा पडल्यात म्हणून गाव वर्षभर ओरडत होतं, साहेबांनी ऐकलं नाही. दोनशे माणसं गेली. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या. चार वर्षांच्या धाकट्या बहिणीचा, ठकूचा हात त्यांच्याच हातातून निसटला, चांदीची बांगडी तेवढी मुठीत राहिली. पुढे त्यांनीच सांगितलेल्या आठवणींवरून धडा झाला. ठकूचे बोबडे बोलसुद्धा त्यांनी त्यात दिले होते.

"मुलं झोपेत किंचाळत उठतात," पाटसकर म्हणाले. " दहा वर्षांच्या जिवाला बुडण्याचा अनुभव द्यायचा, हा कुठला न्याय?"

"आणि भेग दिसली तर बोलायचं, हे त्यांनी शिकायचं कुठे?"

"तुम्ही तोंडी सांगा ना. सोसवेल तेवढंच."

बाईंना वाईट वाटलं, पण पटलं. वर्गातली रडवेली तोंडं त्यांनीही पाहिली होती.

"माझी आठवण राहील ना पण?"

"धड्यातून आलेलं तेवढंच जाईल. तुमचं स्वतःचं कोण नेणार?" पाटसकर कागद पुढे सारत म्हणाले. "आठवण काढली, की मेंदू ती दर वेळी नव्याने लिहितो, जुनीवरच. मूळ धडा बदलत जाऊ नये, म्हणून तर शिक्षकांनाही दर जूनला त्या आठवणीवरच पुन्हा बिंबवणी देतो."

"बावीस वर्षं घेतेय मी. पण मला कशाला हवा धडा? हातच्या कांकणाला आरसा कशाला?" म्हणत बाईंनी सही केली.

दोघंही शिकलीसवरलेली माणसं. आपण आत्ता काय बोललो, हे एकाच्याही ध्यानात येऊ नये, याला काय म्हणावं.

शनिवारी बाईंनी ती बांगडी पर्समध्ये ठेवली, मुलांना दाखवायला. रविवारी धडा पुसला गेला.

सोमवारी वर्गात पर्समधून चष्मा काढताना बोटाला काहीतरी लागलं. बांगडी, केवढीशी. बाईंचे डोळे उगाचच भरून आले. त्यांनी ती उंच धरली.

"कुणाची हरवलीय का रे? घरी आई शोधत असेल."

कुणीच हात वर केला नाही. बाईंनी ती सापडलेल्या वस्तूंच्या डब्यात ठेवली आणि आठवा धडा काढला.