बिबड्या आणि निळ्या केसांची पोरगी

त्याचा पाय आमच्या गच्चीवर पहिल्यांदा पडला, तो थेट माझ्या ओल्या बिबड्यांवर.

दोंडाईच्यात माझ्या हातच्या बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या पापडांना, नाव आहे. तीन दिवस ज्वारी भिजत घालायची, भरडायची, घाटा शिजवायचा, जुन्या लुगड्यावर एकेक बिबडी थापायची... आणि हा शेजारच्या प्रमिलाबाईचा भाचा, मोबाइलात नाक खुपसून, बुटांसकट सहा बिबड्या ओलांडून – ओलांडून कसला, तुडवून – गेला!

"डोया फुटनात का रे तुना?" मी ओरडले. "बठ्ठ्या बिबड्या तुडी टाक्यात!"

"चुकलं, अक्का... दिसलंच नाही. गेम तपासत होतो."

हितेंद्र त्याचं नाव, नशिराबादचा. पुण्यात मोबाइलवरचे गेम बनवायची नोकरी. म्हणजे एवढं शिकून-सवरून खेळणारा! मी शिक्षा दिली. काठी घे, ऊन उतरेपर्यंत कावळे हाकल.

पलीकडच्या टोकाला माझी नात हेमांगी बसली होती. राखण तिच्याकडे, पण लक्ष त्या जपानी कार्टूनात. कार्टून म्हटलं की चिडते. "आजी, अ‍ॅनिमे म्हण!" मी दुसरीपर्यंत शिकले, माझ्या तोंडी कार्टूनच बसतं.

मी जिन्याच्या सावलीला टेकले. डोळे मिटलेले, कान उघडे.

"तुमचा गेम बघू की," हेमांगी म्हणाली.

तो लुगड्याच्या कडेकडेनं गेला. आता कसा जपून पाय टाकत होता! तिनं बराच वेळ बोटं नाचवली.

"काय... आवडला?"

"डोळे मोठे, केस निळे. सगळं अ‍ॅनिमेतून उचललंत. पण ही पोरगी जेवत कशी नाही कधी?"

"जेवत?"

"अ‍ॅनिमेत लढाईच्या आधी कुणीतरी भात खातं. वाफ दिसते. वाऱ्यानं नुसता पडदा हलतो, कुणी बोलत नाही... तिथंच तर जीव जडतो. तुम्ही गेमवाले डोळे तेवढे आणता, अन् थांबणं तिकडंच टाकून येता."

"थांबलं की लोक गेम बंद करतात, असं आमचे साहेब म्हणतात. दर दहा सेकंदांनी काहीतरी फुटलंच पाहिजे."

"मग त्यांना म्हणावं, फटाक्यांचं दुकान काढा."

तो हसला. ती हसली. तेवढ्यात कावळ्यानं दोन बिबड्या नेल्या, दोघांना पत्ता नाही!

दुसऱ्या दिवशी बिबड्या वाळून डब्यात गेल्या. तरी हा चौथ्या दिवशीही काठी घेऊन गच्चीवर हजर. मग गेला पुण्याला. आणि आमची पोरगी उगाचच रिकामी गच्ची झाडायला लागली.

आता पंचाईत माझी. शिंदखेड्याचं स्थळ मीच आणलेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, होकार कळवते, असा शब्द देऊन बसलेले. माझा, मंजुळाबाईचा, शब्द कधी फिरला नव्हता. हेमांगीला विचारलं तर म्हणे, "तू म्हणशील तसं." एवढी गरीब ती जन्मात नव्हती. मी समजले काय ते.

आखाजीला अंगणातल्या निंबाला झोका बांधला. हेमांगी झोक्यावर, पण झोका जागच्या जागी. आणि फाटकातून हितेंद्र!

"गेम दाखवायचा होता..." तिला म्हणाला.

फोन आधी मी ओढून घेतला. बघते तर आमचीच गच्ची! निळ्या केसांची पोरगी काठी घेऊन बसलेली. ताज्या बिबड्यांची वाफ. लुगड्याचा काठ वाऱ्यानं हलतोय. कुणी बोलत नाही. आणि जिन्याशी डोळे मिटलेली एक म्हातारी, कान सुपाएवढा.

"एवढा मोठा कान कशाला रे?"

"अक्का, तुम्ही झोपल्या नव्हत्या... मला माहीत होतं."

हेमांगीनं फोन घेतला. कितीतरी वेळ बघत राहिली.

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, इथं काहीच घडत नाही. मी म्हटलं, माझं तर सगळं इथंच घडलं. शेवटी गेममधलं एक मिनिट दिलंय त्यांनी ह्या गच्चीला."

"आणि हिच्या शेजारची ही जागा? रिकामीच?"

"ती... मला भरता येईना. तुला विचारल्याशिवाय कुणाला बसवू?" त्याचे कान लाल झाले. "मला बसायचंय, हेमांगी. कायमचं."

ती खाली बघत होती. मग झोक्यावर जराशी सरकली.

"बूट काढून बसणार असशील... तर बस."

मी घरात गेले आणि शिंदखेड्याला फोन लावला. "पोरगीनं मन दुसरीकडे शे," म्हटलं. तिकडून नको ते ऐकवलं. मंजुळाबाईनं शब्द फिरवला, ही बातमी दिवेलागणीपर्यंत गावभर होणार. होऊ दे.

अंगणात आले तर झोका पार निंबाच्या फांदीला भिडत होता. खाली त्याचे बूट, घाईत काढलेले, एक आडवा पडलेला. त्याच्या तळाला माझा घाटा अजून चिकटलेला होता.

मी तो खरवडला नाही.