एका पानाचा फॉर्म

सकाळी साडेसातला ताईचा फोन आला. "अरे, कारखान्याला टाळं लागलंय. कुणालाच आत सोडत नाहीयेत."

अधिकारी अर्धी दाढी तशीच ठेवून निघाला. मंत्र्यांची मालमत्तेची विवरणपत्रं तपासणं हे त्याचं काम. कारखान्याला तारणारी सरकारी मदत उद्योगमंत्र्याने कालच नाकारली होती. ताईने बावीस वर्षं बोनसऐवजी कंपनीचे शेअर घेतले होते. तिचं सगळं म्हातारपण त्यांवर होतं.

चालता कारखाना बुडवून मंत्र्याला काय मिळणार होतं?

त्याने उद्योगमंत्र्याचं विवरणपत्र काढलं. एका पानाचं, सुटसुटीत. या पानाचा त्याला अभिमानच होता. कंपनीचे शेअर: शून्य.

मंत्रालयात त्याने टपाल कारकुनाला गाठलं.

"कंपनीकडून साहेबांना काही यायचं?"

"चेक यायचा. दर सहा महिन्यांनी."

"किती वर्षं?"

"चार. कधी खाडा नाही."

"रक्कम?"

"मीच नोंदवतो की. दर वेळी तीच, पैशाचाही फरक नाही."

अधिकारी चपापला. कंपनी तीन वर्षं तोट्यात होती. ताईला एक दमडी मिळाली नव्हती.

दुपारी तो मंत्र्यासमोर बसला.

"शेअरवाला मालक असतो. तोटा झाला की त्याचे हात रिकामे. तुम्हाला तोट्यातही तीच रक्कम मिळत राहिली, कारण ते व्याज होतं. तुमच्याकडे कंपनीचे कर्जरोखे आहेत, म्हणजे तुम्ही कंपनीला कर्ज दिलंय. कंपनी विकली की आधी रोखेवाल्यांचे पैसे, मग उरलंसुरलं मालकांना. सरकारी मदत म्हणजेही कर्जच; ती आली असती, तर फेडीच्या रांगेत सरकार तुमच्या पुढे उभं राहिलं असतं. आज जमीन विकली तर तुमचं पुरतं वसूल होतं आणि शेअरवाल्या कामगारांना काही उरत नाही. ते टाळं तुम्ही लावलंत."

"बरोबर," मंत्री शांतपणे म्हणाला. "पण लपवलं काय? फॉर्मवर रोख्यांचा रकाना कुठाय? आणि ज्याला फॉर्मवर रकाना नाही, त्यापायी मंत्र्याला निर्णय घ्यायला मनाई नाही. नियम तुमच्याच ऑफिसचा."

पाच वर्षांपूर्वी तो फॉर्म अधिकाऱ्यानेच तयार केला होता. एका पानात मावायला हवा, असा वरून हुकूम होता. एक ओळ जास्त होत होती. रोखे म्हणजे बँकेतल्या ठेवीसारखेच, त्यात कसला स्वार्थ, म्हणून त्याने रोख्यांचीच ओळ उडवली. त्याबद्दल शाबासकीही घेतली होती.

जिना उतरताना पुन्हा ताईचा फोन.

"सापडलं का रे, कुणी केलं?"

"सापडलं."

"मग तक्रार करू या. तू आहेस ना तिथे. तुमच्याकडे काही फॉर्म असेल ना?"

"आहे, ताई," तो म्हणाला. "एका पानाचा. मीच बनवलेला."