एकाच बाजूचा उजेड

यात एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

मामा-मामीच्या तोंडून ऐकलं तसंच सांगतोय. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. मीही आधी हसलो होतो.

आणि रात्र वगैरे मुळीच नव्हती. नोव्हेंबरचा शेवटचा मंगळवार, सकाळचे अकरा. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची मागची खोली, म्हणजे मामाचा स्टुडिओ.

मामा चित्रकार. माणसं आजची रंगवायचा, पण पद्धत बरोक, युरोपातली, शेकडो वर्षं जुनी. मामा आधी सगळा कॅनव्हास काळपट तपकिरी करून टाकायचा आणि मग त्या अंधारातून माणूस बाहेर काढायचा. दिवा एकच, तोही एका बाजूने. उजेड पडेल तेवढाच माणूस रंगवायचा, उरलेला अंधारात सोडून द्यायचा. शिवाय माणूस शांत बसलेला चालत नाही. वळताना, दचकताना, ऐन क्षणी पकडायचा.

"पासपोर्टच्या फोटोसारखं बसायचं असेल तर फोटोवाल्याकडे जा," असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा.

त्या मंगळवारच्या आठ महिने आधी त्याची थोरली मुलगी गेली होती. साधा ताप आला आणि तीन दिवसांत सगळं संपलं. एकोणीस वर्षांची होती. तोंडाला म्हणून विश्रांती नाही, म्हणून घरात तिचं नाव टकळी.

मामाला तिचं चित्र काढायचं होतं. बस, तेवढंच उरलं होतं त्याला. पण फोटो सगळे मोबाइलचे, फ्लॅश मारलेले. चेहऱ्यावर सावलीच नाही. सावली नाही तर बरोक कसलं? सतरा कॅनव्हास फाडले त्याने.

शेवटी त्याने धाकटीला बसवलं. थोरलीचा निळा स्वेटर घालून.

"अहो, जिवंत पोरीला तिच्या जागी नका बसवू," मामी म्हणाली.

"फक्त सावली बघायला गं. चेहरा मी टकळीचाच घालीन."

खिडकीला काळं कापड. धाकटी वळली की उजव्या गालावर उजेड पडेल असा दिवा. ती दिवाणावर मांडी घालून पाठमोरी बसलेली. हाक मारली की वळायचं.

"धाकटे!"

ती वळली. जेवायला बोलावल्यासारखी.

"पुन्हा."

पंधरा वेळा झालं. काही केल्या जमेना. मग मामाने ती चूक केली.

"टकळे!"

खोलीत काहीच हललं नाही...

धाकटीचा श्वाससुद्धा ऐकू येईना...

मग ती वळली. टकळीचंच हसू. ओठ अर्धवट उघडे, आता काहीतरी सांगणार असे. मामाने ब्रश उचलला आणि त्याचा हात थांबेचना.

थोड्या वेळाने आवाज सुरू झाला.

टक्... टक्... टक्...

दिवाणाच्या लाकडावर टाच आपटल्याचा. ती थोरलीची सवय होती.

धाकटीचे दोन्ही पाय मांडीत होते. मामाने ते पाहिलं. आणि तो रंगवत राहिला.

"मला ती हवी होती रे," तो मला म्हणाला. "घाबरायला सवड कुठे होती?"

दीडच्या सुमाराला चित्र झालं. उजवा अर्धा चेहरा उजळलेला, डावा अंधारात. टकळी, जशीच्या तशी.

मामाने खिडकीवरचं कापड ओढून काढलं. ऊन आत घुसलं. टेबल, रंगाचे डबे, भिंती, सगळं लख्ख झालं.

धाकटीचा डावा गाल मात्र... अंधारातच राहिला.

रंग लागला असेल म्हणून त्याने अंगठ्याने पुसून पाहिला. रंग नव्हताच. तिथे उजेडच पडत नव्हता. गॅलरीत नेऊन तिला भर उन्हात गोल फिरवली. अंधार जागचा हलला नाही.

मामीने हंबरडा फोडला. "पुसा ते चित्र! आत्ताच्या आत्ता!"

पुसायचं म्हणजे टकळीला दुसऱ्यांदा घालवायचं. मामा चित्रासमोर आडवा उभा राहिला.

"उद्या पुसतो. एक दिवस दे गं मला, पाया पडतो तुझ्या."

बुधवारी सकाळी अंधार नाकापर्यंत सरकला होता. डावा डोळा दिसत नव्हता. मागच्या खोलीतून पुन्हा टाचेचा आवाज येत होता, आणि खोलीत कुणीच नव्हतं.

धाकटी रडत नव्हती. तेच जास्त भयंकर होतं.

"बाबा, या डोळ्याने ताई दिसते."

"कुठे आहे ती?"

"काळोखात. पण समोर एक दिवा आहे. तोंडावर उजेड पडलाय तिच्या. खूश आहे."

मामाने तपकिरी रंगाचा डबा उघडला. रुंद ब्रशने आधी स्वेटर झाकला, मग केस. चेहऱ्याशी येऊन हात अडला. तेव्हा मामीने मागून त्याचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून तो ब्रश फिरवला.

टाचेचा आवाज थांबला.

धाकटीच्या गालावर ऊन आलं. मामीने तिला छातीशी घट्ट धरलं. दोघांना वाटलं, सुटलो.

तेवढ्यात धाकटी हळूच म्हणाली, "बाबा... ताई विचारत होती, दिवा कोणी घालवला?"

याला चार वर्षं झाली. धाकटी कॉलेजात जाते, ठणठणीत आहे. मामाने रंगकाम कायमचं सोडलं. तो काळपट तपकिरी कॅनव्हास मात्र तिथेच आहे आणि त्याच्यासमोर दिवा अखंड चालू असतो. वीज गेली की मामा मेणबत्ती घेऊन धावतो.

गेल्या महिन्यात मी धीर करून विचारलं, "मामा, एवढ्या रंगाखाली उजेड पोचतो का तिच्यापर्यंत?"

त्याने दिव्याची मान कॅनव्हासकडे आणखी थोडी वळवली.

"काय माहीत रे. हाक मारून विचारावं, तर वळायची धाकटी."

त्या घरात मीही आता कुणाला मोठ्याने हाक मारत नाही.