भर उन्हात झोपणारं कुत्रं

"तिला घ्यायचं नाही म्हणजे नाही," टकल्या म्हणाला आणि चेंडू काखेत मारून चालू पडला. चढावरच्या गल्लीतली सगळी टोळी त्याच्यामागे गेली. सुट्टीतली ही दुपारही आता तिला एकटीलाच काढायची होती.

टोळी तिला पाइपवाली म्हणे. गंजलेले जुने पाइप बदलायला तिची इंजिनिअर आई या दुष्काळी गावात आली होती. दर सुट्टीत असंच एखादं नवं गाव. पण इथे नवे पाइप पडले आणि चढावरच्या नळांना टिपूसही येईना! टाकीतून पाणी सुटायचं, मग जायचं कुठे? आई दिवसभर लोकांची बोलणी खाई आणि संध्याकाळी कुणाशीच बोलत नसे. पाइपवालीला फार एकटं वाटे.

ती चौकात आली. नवाकोरा डांबरी रस्ता तव्यासारखा तापला होता आणि एक लंगडं कुत्रं सावली सोडून रस्त्याच्या मधोमध ऐसपैस पसरलं होतं. तिने तिथे हात टेकवला. जागा चक्क गार होती.

ती टोळीमागे धावली. "खेळायला नका घेऊ," ती धापा टाकत म्हणाली, "पण एकदा हात लावून बघा."

टकल्याने नाक मुरडत हात लावला आणि पुन्हा एकदा लावून बघितला. मग त्यालाच आठवलं, इथे एक लोखंडी झाकण होतं, उडी मारली की ठणकन वाजायचं.

रस्त्याचं काम बघणाऱ्या मुकादमाने मात्र त्यांना उडवून लावलं. उद्घाटनासाठी घाईघाईत गुळगुळीत केलेला रस्ता तो फोडू देईना. रस्ता सगळीकडे सारखाच तापलाय, असं त्याचं म्हणणं.

"मग चपला काढून चालून दाखवा की, काका," पाइपवाली म्हणाली.

लोक जमले होते, त्यांत आईही होती. माघार कशी घेणार? मुकादम नाचत, उड्या मारत निघाला आणि कुत्र्याशेजारी पोचताच निवांत उभा राहिला. सगळे खो खो हसले.

आईने लगेच रस्ता फोडायला लावला. झाकणाखाली जुन्या पाइपची चावी उघडीच राहिली होती. डांबर पडलं आणि ती बंद करायचं सगळेच विसरले. पाणी फुटक्या पाइपातून जमिनीत मुरत होतं.

चावी फिरली. थोड्या वेळाने चढावरून ओरडा झाला, "पाणी आलं!" आजोबा मंडळींनी पोरीची तोंडभर स्तुती केली आणि तेही बादल्या भरायला पळाले. चौकात पाइपवाली आणि कुत्रं तेवढे उरले.

तेवढ्यात टकल्या सांडत-लवंडत पेला घेऊन आला. "आमच्या नळाचं आहे. उद्या खेळायला येतेस?"

"येते," ती म्हणाली. इथलं काम आता किती दिवसांत संपेल, हे आईला विचारायचं तिने मुद्दामच टाळलं.