मैनेच्या दारात

"बोलण्याआधी विचारायचं, इथे कुणी आहे का? मग थांबायचं. उत्तर आलं नाही, तरच आपण तोंड उघडायचं."

हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांची, पहिली शिकवणी हेमलतामावशींनी वैभवीला अशी दिली होती, तीही चहा पुढ्यात निवत असताना. सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय त्या घोट घेत नसत, आणि त्या दिवशी दिल्लीच्या धुक्यात सूर्याचा पत्ताच नव्हता. मावशी कॉलेजातून निवृत्त झालेल्या, वैभवीच्या आईच्या मैत्रीण. त्यांचं ते वाक्य वैभवीच्या डोक्यात असं बसलं, की पुढे उपग्रह बांधताना तिने ते त्याच्याही डोक्यात घातलं.

उपग्रह दोन होते, चपलांच्या खोक्याएवढे. मैना पुढे चालायची. मागून राघूने स्वतःच तिला गाठायचं आणि तिच्या कड्यात आपलं टोक अडकवायचं. खालून कुणी हात लावायचा नाही. फक्त अगदी जवळ आल्यावर राघूने विचारायचं, जागा मोकळी आहे का? 'हो' आलं की पुढे, 'नाही' आलं की मागे. विद्यार्थ्यांनी बांधलेली ही जोडी आभाळात इतकी शहाण्यासारखी फिरू लागली, की वैभवीचे बाबा करोल बागेतल्या ओळखीच्या दुकानदारांना थांबवून फोटो दाखवत होते.

पण मैना 'नाही' म्हणाली.

राघू निमूट मागे सरला. दुसऱ्या दिवशीही तेच. राघूचा कॅमेरा कडं दाखवत होता, स्वच्छ, रिकामं. कड्यातला तापमापक मात्र भलतंच सांगत होता. पृथ्वीच्या सावलीत सगळी मैना गारठून जायची, तेव्हाही ते कडं कोमट असायचं. तापलेलं नव्हे. कुणी तळहात टेकवून उभं असावं, इतपत.

"सेन्सर गया है, यार," चिराग म्हणाला. राघूचा प्रोग्राम त्याने आणि वैभवीने मिळून लिहिलेला. "वो पूछने वाला कोड ही निकाल देते हैं. सीधा अंदर."

त्याचंही चूक नव्हतं. राघूत आता एकाच प्रयत्नापुरता गॅस उरला होता. तो वाया गेला असता तर दोघं आभाळात कायमची वेगळी फिरत राहिली असती, आणि वैभवीची कॉलेजातली सगळी वर्षं त्यांच्याबरोबर.

"काढ हवं तर," हेमलतामावशी हळूच म्हणाल्या. "पण खरंच कुणी असलं तर?"

"मावशी, तिथे कोण असणार?"

"मला काय माहीत बाई. मी आपली विचारते."

रेडिओची खोली कॉलेजच्या वरच्या मजल्यावर होती. वर गच्ची, आणि खिडकीतून रिजच्या जंगलटेकडीवरचा हिंदूरावचा चढ दिसायचा. दुपारच्या उन्हात उपग्रह डोक्यावर आले, तेव्हा चिरागचं बोट कीबोर्डवर तयार होतं. वैभवीने त्याचा हात बाजूला केला, मोर्सची पट्टी पुढे ओढली आणि इंग्रजीत ठोकलं, 'कृपया जरा सरकता का?'

स्पीकरमधून नुसती खरखर आली. चिराग हसला. "हो गया? आंटीजी से पूछ लिया?"

मग खरखरीतून टिंबं आणि रेघा आल्या. सावकाश, अडखळत. यंत्र असं पाठवत नाही; नव्याने शिकणारा हात असं पाठवतो. मैनेवरून जमिनीवरचे आवाज परत पाठवणारा रिपीटर चिरागने सकाळीच बंद केला होता. खालून कुणी मस्करी करावी, तर तिला वाटच नव्हती.

"क्या बोला?" चिराग आता हसत नव्हता.

"कुठे," वैभवी म्हणाली. "'कुठे?' असं विचारतंय. मराठीत."

उपग्रह उतरणीला लागले होते. राघू मैनेच्या जवळ पोचला होता. वैभवीने कुणालाच न विचारता मराठीतच ठोकलं,

'इकडे या. आमच्याकडे.'

मावशींचा हात तिच्या खांद्यावर आला. "बोलावलंस?"

"मावशी, आज जमलं नाही तर राघू..."

"ते नाही विचारलं. बोलावलंस ना? मग गच्चीचं दार उघडायला तूच जायचं. दाराशी आलेल्याला ताटकळत ठेवायचं नाही."

"हो. शब्द देते."

कड्याचं तापमान घसरू लागलं.

राघूने विचारलं.

मैना 'हो' म्हणाली.

पडद्यावर कड्याची कडी बंद झाल्याची हिरवी खूण आली. चिरागने आरोळी ठोकली आणि सगळा मजला गोळा झाला. प्राचार्य धावत वर आले, कुणीतरी पेढे आणले. वैभवीने बाबांना फोन लावला. "शाब्बास गं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मावशींनी तिच्या तोंडावरून हात फिरवला.

"कुणाला ढकललं नाहीस तू," त्या म्हणाल्या. "मला त्याचंच जास्त कौतुक आहे."

वैभवीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. एवढ्याशा दोन खोक्यांनी आभाळात एकमेकांचा हात धरला होता, आणि तेही रीतीने.

फोटोसाठी सगळे खाली हिरवळीवर गेले. तिला हाका येत होत्या. "आले, आले," म्हणत ती जिन्यात मागे वळली.

गच्चीच्या दाराला काचेची पट्टी होती. कठड्यावर रिजवरची माकडं ओळीने बसली होती. एरवी अँटेना हलवून हैदोस घालणारी, आज चिडीचूप. ओळीच्या मधोमध एका माणसापुरती जागा सोडलेली. शेजारची म्हातारी माकडीण त्या रिकाम्या जागेत बोटं फिरवत होती. केस बाजूला सारून उवा वेचाव्यात तशी, सावकाश, मायेने.

वैभवीने चपला काढल्या, ओढणी सारखी केली, आणि ती उरलेल्या पायऱ्या चढू लागली.