मागाच्या खोलीतला आवाज

तो वर बघत बघत आमच्या अंगणात शिरला. शेजारच्या ग्रामपंचायतीच्या छपरापासून निघालेली रेडिओची तार आमच्या मागाच्या खोलीवरून पलीकडच्या चिंचेपर्यंत गेली होती. त्याची नजर त्या तारेवर होती आणि मी नेमकी त्याच वेळी कोशाचं कापड हातांवर घेऊन खोलीतून बाहेर पडत होते. आम्ही आदळता आदळता राहिलो. तोल सावरायला त्याने हात पुढे केला. हातात पक्कड होती. माझ्या बोटापासून त्या पकडीपर्यंत एक निळसर ठिणगी उडाली — चट्.

मी जागच्या जागी गोठले. आता हा मागे सरकेल, मग नजर चुकवेल, मग निघून जाईल. वर्षभर सगळ्यांनी तेच केलं होतं.

त्याने पकडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"पुन्हा एकदा होईन का?" त्याने हसून विचारलं.

"काय?"

"हेच. मी काल सांजेपासून हेच शोधून राह्यलो."

असं माझ्याकडे बघून कुणी हसल्याला फार दिवस झाले होते. मी घरात गेले आणि दाराआड उभी राहून स्वतःचं बोट बघत राहिले.

ही सत्तावन्नच्या पौषातली गोष्ट. आरमोरीत आमचं कोष्ट्याचं घर. बाबा, सोमाजी, कोसा, म्हणजे रानातल्या कोशांचं रेशीम, विणायचे. विणलेलं कापड घोंगडीवर पसरून काचेच्या बाटलीने घासायचं, म्हणजे ते गुळगुळीत होतं आणि त्याला चमक येते. हे काम आधी माय करायची. दोन वर्षांपूर्वीच्या पौषात ती त्याच खोलीत, त्याच घोंगडीवर बसल्या बसल्या गेली. तेव्हापासून ते माझ्याकडे आलं.

मागाच्या खोलीला खिडकी नव्हती. बाबा सकाळी दार उघडून विणायचे; दुपारनंतर मी एकटी घासायला बसले की धूळ नको म्हणून दारही लोटलेलं असायचं. आत उकळलेल्या कोशांचा उग्र वास आणि भर दुपारीसुद्धा अंधार. पहिल्या वर्षीच हिवाळ्यात मला ते दिसलं. कापड घोंगडीवरून उचललं की त्याच्या पोटातून निळी रेघ सरसरत जायची, आणि आवाज यायचा — बोटं मोडल्यासारखा. माय काम संपलं की अशीच एकेक बोट मोडायची. मागावर लोंबणारे सुटे धागे मी जवळ गेले की हळूच माझ्याकडे वळायचे. वारा नसताना. हातावरचे केस उभे राहायचे. एकदा मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला तर ती किंचाळून पळाली आणि पुन्हा त्या खोलीत आली नाही.

मला भीती वाटायची. पण मी कुणाला सांगितलं नाही… कारण भीतीपेक्षा थोडं जास्त बरंही वाटायचं. पावसाळ्यात आवाज नसायचा, उन्हाळ्यात क्वचित. पौष आला की रोज. माय पौषातच गेली होती ना.

मग गेल्या पौषात माझ्या साखरपुड्याला वडशाची पाहुणेमंडळी आली. मी घोंगडीवरून उठले आणि तसंच ते कोशाचं कापड होणाऱ्या सासूला द्यायला गेले. तिच्या हातात चांदीचं कडं होतं. ठिणगी सगळ्यांना दिसली. ती बाई ओरडली, हात छातीशी धरून म्हणाली, "या पोट्टीच्या अंगात कोणी आहे." मंडळी न जेवता उठली.

त्यानंतर पंचायतीत सरकारी रेडिओ आला. संध्याकाळी गाव जमून बाजारभाव आणि भजनं ऐकायचं, आणि मध्येच रेडिओ बोटं मोडायचा. कट्. कट्. कुणाच्या तरी लक्षात आलं की तेव्हा मी आत काम करत असते. आता माझ्या अंगातलं रेडिओतही शिरलं, असं ठरलं. माझी आत्या, गुणाबाई, बाबांना म्हणाली, "शुक्रवारी भगत येऊन राह्यला. तापल्या सळईनं डाग देते तो. दोन डागात जाते म्हणे." बाबा खाली मान घालून बसले. नाही म्हणाले नाहीत.

आणि सोमवारी संध्याकाळी हा गावात आला, रेडिओ दुरुस्त करायला. कागदावर लक्ष्मण, पण त्याच्या राजुऱ्याकडे लक्ष्मणाला लच्छू म्हणतात, म्हणून सगळे लच्छूच म्हणायचे.

ती ठिणगी उडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो बाबांना विचारून आला. "सोमाजीभाऊ, मले त्या खोलीत बसू द्या थोडं. तुम्हीही बसा. रेडिओ मी पंचायतीत चालू ठेवून आलो."

बाबा उंबऱ्याशी, आतल्या बाजूला बसले. दार लोटलं. मी घोंगडीवर बसून बाटली फिरवायला लागले. तो समोर, भिंतीला टेकून. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटत होतं, आज काही होऊ नये. आणि वाटत होतं, व्हावं.

मी कापड उचललं. निळी रेघ सळसळत गेली, दोनदा चरचरलं, आणि भिंतीपलीकडून रेडिओ म्हणाला — कट्, कट्.

बाबांनी देवाचं नाव घेतलं.

"पाहिलं?" मी म्हणाले. "माय आहे ते."

लच्छू हसला नाही. अंधारातच त्याने घोंगडी चाचपली. मग म्हणाला, "पावसाळ्यात येते का ती?"

"नाई."

"अना जमिनीवर बसून घासलं तं?"

"कधी बसली नाई मी."

"बसून पाहा."

मी घोंगडीच्या खाली, शेणाने सारवलेल्या ओलसर भुईवर बसले. त्याच भुईवर कापड पसरलं, घासलं, उचललं. काही नाही. पुन्हा उचललं. धागे सरळ लोंबत राहिले. खोली एकदम रिकामी वाटली.

"सांगतो," तो म्हणाला. "काच अना कोसा घासला की एकातली वीज दुसऱ्यात जाते. कोसा लोकरीवरून ओढला तरी तसंच. थोडीशीच असते. हवा ओली असली की ती आपोआप निघून जाते, कोणाले समजतही नाई. पौषाची हवा कोरडी. अना तुम्ही घोंगडीवर, म्हणजे जमिनीत उतराले तिले वाट नाई. मंग ती अंगावर जमा होते. केस उभे करते, धागे ओढते. अना लोखंड नाई तं चांदी नाई तं कोणाचं बोट जवळ आलं, की उडी मारते. तेच ठिणगी. आभाळात कडाडते ते हेच, फक्त लगित मोठं, हजारपट. रेडिओले दोन्ही ऐकू येते."

"सगळ्यांनाच होईन मंग?"

"या घोंगडीवर जो बसन त्याले."

बाबा उंबऱ्याजवळून म्हणाले, "म्हणजे पोट्टीत काई नाई?"

"काई नाई, भाऊ."

बाबा तिथेच तोंड झाकून रडायला लागले. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या माणसाचा राग आला, इतका की मी उठून त्याच्यासमोर उभी राहिले.

"तुम्ही रेडिओ दुरुस्त कराले आले का माही माय न्याले आले?"

मी निघून गेले.

संध्याकाळी मी विहिरीवर पाणी ओढत होते. तो तारेचं एक भेंडोळं घेऊन आला आणि चार पावलं दूर थांबला.

"ही तार मी तुमच्या खोलीत भिंतीजवळ जमिनीत गाडून देतो. वरचं टोक मोकळं ठेवतो. काम झालं की कोणाले हात लावायच्या आधी तिले बोट लावायचं. सारी वीज जमिनीत उतरते."

"नाई पाहिजे."

"शुक्रवारी डाग देणार आहेत तुम्हाले."

"देऊ द्या. दोन वर्षं ती येत होती. तुम्ही म्हणता कोणीच नव्हतं."

"मी तसं नाई म्हटलं." त्याने भेंडोळं दुसऱ्या हातात घेतलं. "ठिणगी काऊन होते ते मले मालूम आहे, म्हणून सांगितलं. माणूस गेल्यावर कुठी जाते ते मले मालूम नाई. कोणी सांगतो म्हटलं तं मी त्याच्यावर भरोसा नाई ठेवणार. पण तुमची माय तुमच्या हातातून लोकांले चटके देत फिरन, असं वाटते तुम्हाले?"

दोर माझ्या हातात तसाच राहिला. माय कुणाला कधी लागेल असं बोललीसुद्धा नव्हती.

"तिच्या हातून कोणाले काटा नाई रुतला कधी," मी म्हणाले.

"मंग?"

बादली वर आली तेव्हा त्याने हात पुढे केला नाही. मी ती स्वतः उतरवली आणि मग विचारलं, "घोंगडीवर कोणीही बसलं तं होते ना? नक्की?"

"नक्की."

"मंग आत्याले बसवा लागन."

तो आधी समजला नाही. समजला तेव्हा मात्र विहिरीच्या काठावर बसून इतका हसला, की पाणी भरायला आलेल्या बायका थबकल्या.

शुक्रवारी सकाळी भगत पंचायतीसमोर विस्तव पेटवून बसला होता. सळई निखाऱ्यात होती. सरपंच बापूजी होते, अर्धं गाव होतं. मी घोंगडी, बाटली आणि कोसा घेऊन गेले आणि रेडिओजवळ अंथरलं.

"आत्या, इथी बस."

"मी कायले?"

"माह्या अंगातलं आज तुह्या अंगात येते का पाहू."

लोकांत कुजबुज झाली. गुणाबाईला माघार घेणं जन्मात जमलं नव्हतं. ती बसली. मी सांगितलं तसं तिने जोरजोरात घासलं. लच्छूने रेडिओ लावला. आत्याने कापड उचललं आणि रेडिओ कडकडला. भगत निखाऱ्यापासून उठला.

"बापूजी, बाईले बोट लावा," लच्छू म्हणाला.

बापूजींनी घाबरत बोट पुढे केलं. चट्. ते दोन पावलं मागे गेले. आत्या तोंड उघडं टाकून स्वतःच्या हाताकडे बघत राहिली.

"आता मले डाग देता का?" तिने भगताला विचारलं. तिचा आवाज रडवेला होता, पण मागून कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. लच्छूने मला सांगितलेलंच गावाला समजावलं. पोरं रांगेने घोंगडीवर बसायला लागली. भगताने सळई विझवली तेव्हा पाण्याचा चर्रर्र आवाज झाला, आणि तो ऐकून मी तिथेच खाली बसले.

त्याच दिवशी दुपारच्या बसने लच्छू गेला. जाताना "येतो जी," एवढंच म्हणाला, तेही बाबांना.

जाण्याआधी त्याने तार खोलीत गाडली होती. मी रोज काम झालं की तिला बोट लावायचे. आवाज थांबला. मायची आठवण मात्र उलट जास्त यायला लागली — तिचं बोलणं, तिचं खोकणं, पाण्यात हात घालून कोसा तपासणं. ठिणग्यांच्या नादात मी हे सगळं विसरले होते.

फाल्गुनात तो पुन्हा आला. पळस फुललेला होता. मी अंगणात कोसे निवडत होते.

"रेडिओ बिघडला का?" मी विचारलं.

"नाई. चांगला आहे."

"मंग तार तुटली असन."

"तारही चांगली आहे." तो उभाच होता. "सोमाजीभाऊ आहेत का?"

बाबा बाहेर आले. त्याने चप्पल काढली आणि सरळ सांगितलं, "मी रंभाले मागाले आलो. आमचं घर पद्मशाल्याचं, तुमचं कोष्ट्याचं. जात वेगळी आहे, लपवत नाई. माग आमच्याही घरी आहे."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग मागाच्या खोलीत गेले. आतून धोट्याचा खटखट आवाज सुरू झाला आणि तो थांबेना. आम्ही अंगणात. आत्या ओसरीवर, कान इकडे.

"मले न विचारता बाबाले विचारलं?" मी हळूच म्हणाले.

"तुले विचाराची हिंमत नाई झाली. त्यांच्याआधी मात्र एकाले विचारलं होतं."

"कोणाले?"

तो कोशांच्या ढिगाकडे बघत म्हणाला, "त्या शुक्रवारी तार नीट बसली का पाहाले मी खोलीत एकटाच गेलो. अंधार होता. तिथी कोणी आहे का नाई, मले मालूम नाई… पण म्हणून टाकलं. म्हटलं, बाई, तुमची लेक मले आवडते. परवानगी असू द्या."

अंगावर सर्रकन काटा आला.

"मंग?"

"मंग काई नाई. शांत होतं. थोडा वेळ उभा राह्यलो. भेव नाई वाटला." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू काय म्हणतं?"

माझ्या मांडीवरचे कोसे घरंगळून भुईवर गेले. मी ते उचलले नाहीत. "मी तं विहिरीवरच हो म्हटलं असतं," मी म्हणाले. "तुम्ही हसत बसले."

उन्हं कलली तेव्हा माग थांबला. बाबा बाहेर आले. डोळे लाल होते. त्यांनी पाणी मागितलं, ते प्यायले, आणि लच्छूकडे न बघता म्हणाले, "ब्रह्मपुरीची बस गेली असन आता. जेवून घे इथीच." मग आत्याला म्हणाले, "याच्या घरी कोण कोण आहे, विचारून घे."

आत्या लगेच सरसावून बसली. माय आहे, तो सांगत होता. दोन भाऊ, त्यांच्या बायका, चार बहिणी, एक आंधळी आजी. सगळे एका ओळीत बसून माग चालवतात, दिवसभर बडबड करतात, कुणाचं कुणाला ऐकू जात नाही.

"मंग आमची पोट्टी एकटी नाई राहणार," आत्या म्हणाली.

दोन वर्षं मी त्या खोलीत एकटीच होते. हे मला तेव्हा पहिल्यांदा मनातल्या मनात कबूल करता आलं. मी उठले, चूल पेटवली आणि एका माणसाचा भात जास्त टाकला.