बत्तीसवर बोलू नका

मशीन दुरुस्तीला हर्षलाने बोलावलं होतं गजामामा मेकॅनिकना. दारात उभा राहिला त्यांचा भाचा साईराज. मामांचा पाय मुरगळला, म्हणून मोहोपाड्याहून बाइकवर हा आला होता.

कळंबच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये तिचं सीएनसी मशीन होतं, कॉम्प्युटरवरून लाकडात नक्षी कोरणारं. त्यावर सागवानी दाराची फळी, आणि फळीवरची वेल लाकडातल्या गाठीपाशी वाकडी झालेली. पहिलीच ऑर्डर. ज्या घराचं दार, त्याची शुक्रवारी वास्तुशांत, आणि आता फळी उरलेली एकच.

"मोटरचे स्विच बत्तीसवर कुणी ठेवले?" साईराजने विचारलं.

"मी." तिने पडवीतल्या झोळीकडे बोट दाखवलं. "वहिनीचं बाळ झोपतं तिथं. बत्तीसवर मशीन कसं गप्प चालतं... लोण्यासारखं."

"चालतं खरं. पण मोटरच्या एका पावलाचे बत्तीस तुकडे केले, की एकेका तुकड्यात जोर तो किती? गाठ आली की बिट, म्हणजे कोरायचं पातं, जागचं हलत नाही. आठवर ठेवू. थोडं गुणगुणेल, पण अडणार नाही."

"आणि बाळ उठलं तर?"

"तर मी जोजवीन."

ती हसली. त्याने मान वर केली... आणि स्क्रूड्रायव्हर बराच वेळ नुसताच हातात राहिला.

स्विच बदलून त्याने प्लायवूडवर चाचणीचं पान कोरायला लावलं. तळहाताएवढं व्हायचं पान चौपट होत तुकड्याबाहेर निघालं! हर्षलाने धावत लाल बटण दाबलं.

"अहो, स्विच बदललेत, कॉम्प्युटरमधला पावलांचा आकडा कोण बदलणार? पिंपळपान सांगितलं होतं, हे अळूचं झालं! शेवटची फळी असती तर?"

"सहा वर्षांत पहिल्यांदा विसरलो," तो पुटपुटला. कान लालेलाल.

आकडा दुरुस्त झाला. दुपारभर मशीन गुणगुणत राहिलं, वेल गाठीवरून अलगद वळली, आणि त्या गुणगुणण्यावर बाळ उलट गाढ झोपलं.

शुक्रवारी दार नव्या घराला बसलं. शनिवारी अंगणात पुन्हा तीच बाइक.

"ते... मशीन बघायला... म्हणजे बिघडलं नसेलच, पण..."

"मशीन तिकडं हाय," पडवीतून वहिनी म्हणाली, "तू हिकडं कुणाकडं बघतोस रं?"

हर्षलाने ओठ दाबून हसू अडवलं. "बत्तीसवर बोलताय तुम्ही. गाठीशी अडकाल. आठवर या."

त्याने एक श्वास घेतला. "तुम्ही आवडता मला. आकडा तुमच्यामुळे चुकला."

झोळीत बाळ कुरकुरलं. हर्षलाने दोरी उचलून त्याच्या हातात दिली.

"जोजवीन म्हणाला होतात ना? बसा मग. चहा टाकते... आणि बाबांना शेतावरून बोलावते."